फॉर्म फिरवून केलेली पाहणी: तिच्यातला कल कमी कसा करायचा

आमच्या तालुक्याच्या गावात पाण्यावर पाहणी करायची ठरली, तेव्हा सगळे करतात तेच आम्ही केलं. गूगल फॉर्म बनवला, दहा-बारा व्हॉट्सॲप ग्रुपांवर टाकला, खाली 'कृपया पुढे पाठवा' लिहिलं. चार दिवसांत उत्तरांचा ढीग जमला आणि त्यातून निघालं की बहुतेकांना पुरेसं पाणी मिळतं. तो कागद घेऊन मी ओळखीच्या एका काकूंकडे गेले. त्यांच्या गल्लीत पहाटे चारला नळ येतो. हंडा सरकवत त्या म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी भरला असेल गं तो फॉर्म. त्यांना काय माहीत? ते उठतात तेव्हा पिंप भरलेलं असतं."

घरी येऊन उत्तरं नीट चाळली. भरणारे बहुतेक पुरुष. निम्म्याहून जास्त नव्या सोसायट्यांमधले, जिथे जमिनीखाली टाकी आणि वर पंप आहे. त्यांच्या नळाला दिवसभर पाणी, कारण तो नळ टाकीचा, नगरपरिषदेचा नव्हे. कोणी खोटं बोललं नव्हतं. आम्ही भलत्याच लोकांना विचारलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात तीच पाहणी परत केली. त्या खटाटोपात जे कळलं ते इथे देते आहे. पाण्याच्या जागी तुम्ही शाळा, एसटी, रेशन काहीही धरा.

दोन शब्द आधी स्पष्ट करते. यादृच्छिक नमुना म्हणजे यादीतल्या प्रत्येकाची निवड होण्याची शक्यता आधीच ठाऊक असते आणि निवड चिठ्ठीने होते; कोणाच्या सोयीने किंवा मर्जीने नाही. आपला फॉर्म ही अट पुरी करत नाही. कल म्हणजे सगळी चूक एकाच बाजूला झुकणं. पाय सरकलेल्या तराजूवर शंभर वेळा वजन केलं तरी वजन चुकीचंच येतं, तसं.

जवळ काय हवं

- २०११ च्या जनगणनेचे तुमच्या गावाचे प्रभागवार तक्ते: एक लोकसंख्येचा, दुसरा घरं आणि सोयींचा. जनगणनेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.
- चालू मतदार यादी. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर भागनिहाय असते.
- नळजोडण्यांची प्रभागवार संख्या. नगरपरिषदेत तोंडी मागा. नाहीच दिली तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: दहा रुपये शुल्क, उत्तराची मुदत तीस दिवस. म्हणून हा अर्ज सगळ्यात आधी टाका.
- गावाचा नकाशा, हाताने काढलेला चालेल.
- एक्सेल किंवा गूगल शीट.
- कागदी फॉर्म आणि पॅड.
- चार-पाच माणसं, त्यात निम्म्या तरी बायका.

जनगणनेबद्दल एक इशारा. २०२१ ची जनगणना झालीच नाही, पुढची २०२७ ची. म्हणजे हातातले आकडे जुने आहेत, आणि मधल्या काळात प्रभागांच्या हद्दीही बदलल्या असतील. २०११ चा 'प्रभाग ७' आणि आजचा 'प्रभाग ७' एकच आहे असं गृहीत धरू नका. आम्ही नकाशावर दोन रंगांनी हद्दी काढल्या तेव्हा तीन प्रभाग पार सरकलेले निघाले. असे प्रभाग एकत्र करून मोठे गट करायचे.

१. पाहणी कोणाबद्दल आहे ते एका वाक्यात लिहा

'गावातलं पाणी' हा विषय झाला. 'नगरपरिषदेच्या हद्दीतल्या सर्व घरांपैकी किती घरांना काल पिण्या-वापरण्यापुरतं पाणी मिळालं' हे वाक्य झालं. त्यात हद्द आहे, दिवस आहे, आणि एकक घर आहे, माणूस नाही. आमच्या पहिल्या फॉर्ममध्ये एकेका घरातून बाप, मुलगा आणि सून अशी तीन उत्तरं आली होती आणि आम्ही ती तीन घरं म्हणून मोजली.

२. चिठ्ठी टाकणं खरंच अशक्य आहे का?

पुष्कळदा नसतं. आपल्याला कंटाळा असतो. अख्खी पाहणी चिठ्ठीने जमणार नाही, पण लहानसा तुकडा जमतो आणि पुढे तोच सोन्याच्या मोलाचा ठरतो. समजा मतदार यादीत २४,००० नावं आहेत आणि तुम्हाला १२० घरं हवीत. २४,००० भागिले १२० म्हणजे २००. एक ते दोनशेमधला एक आकडा चिठ्ठीने काढा, समजा ७३ आला. मग ७३ वं, २७३ वं, ४७३ वं नाव, असं शेवटपर्यंत.

इथे तीन खड्डे आहेत. घर बंद दिसलं की शेजारचं घर घ्यायचा मोह होतो. घेऊ नका. वेगवेगळ्या वेळी तीन चकरा मारा. दिवसा बंद असणारी घरं म्हणजे मजुरीला गेलेली माणसं, आणि नेमकी तीच आपल्याला हवी असतात. दुसरं, ज्या घरात सहा मतदार आहेत ते घर यादीतून वर येण्याची शक्यता एकट्या माणसाच्या घराच्या सहापट असते. म्हणून घरातल्या मतदारांची संख्या विचारून ठेवा आणि हिशेबाच्या वेळी त्या घराला तेवढ्याने भागा; सहा मतदार असतील तर ते घर एक-षष्ठांश मोजा. तिसरं, नव्याने आलेले भाडेकरू आणि ऊसतोडीला गेलेली कुटुंबं यादीत तरी नसतात किंवा घरी तरी नसतात. हा दोष यादीचाच. तो नोंदवा आणि पुढे चला.

३. कोण सुटणार, त्याची यादी करा

फॉर्म बनवायच्या आधी एका कागदावर दोन रकाने आखा: 'फॉर्म कोणापर्यंत जाईल' आणि 'कोणापर्यंत जाणार नाही'. दुसरा रकाना भरायला जास्त वेळ द्या. एक आकडा लक्षात असू द्या: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी साधारण ५४ टक्क्यांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता. स्मार्टफोन नव्हे, कुठलाही मोबाइल.

उत्तरांचा ढीग मोठा असला की हा रकाना कोणी भरत नाही. अमेरिकेत १९३६ साली राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. पत्ते मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारींच्या यादीतले. वीस लाखांहून जास्त परत आल्या आणि निकाल निघाला की लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्टना सुमारे ६१ टक्के मतं पडली आणि लँडनना ४८ पैकी दोन राज्यं मिळाली. मंदीच्या काळात मोटार कोणाकडे होती, हा एक भाग. दुसरा तेवढाच महत्त्वाचा भाग असा, की मतपत्रिका हातात पडूनही ती परत पाठवायची तसदी कोणी घेतली.

जुनी गोष्ट म्हणून सोडू नका. २०२१ च्या मे महिन्यात फेसबुकमार्फत दर आठवड्याला सुमारे अडीच लाख लोकांची उत्तरं घेणाऱ्या पाहणीने अमेरिकेतलं कोविड लसीकरण १७ टक्के गुणांनी जास्त दाखवलं होतं. त्याच काळात दर फेरीला हजारेक लोकांचीच, पण चिठ्ठीने जमवलेल्या गटाची एक पाहणी खऱ्या आकड्याच्या बरीच जवळ होती.

४. रस्ते वाढवा आणि कोटा लावा

एकाच रस्त्याने आलेली उत्तरं एकाच प्रकारची असतात. आम्ही दुसऱ्यांदा चार रस्ते धरले: व्हॉट्सॲप, रेशन दुकानासमोरची रांग, अंगणवाडीत मुलांना सोडायला येणाऱ्या बायका, आणि गल्लोगल्ली कागदी फॉर्म. प्रत्येक रस्त्याला आपापला कल असतोच. पण ते एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढत असले तर थोडं हायसं वाटतं.

मग कोटा. प्रभागांचा गट, घरातल्या खोल्या आणि उत्तर देणारी व्यक्ती स्त्री की पुरुष, या तिन्ही मिळून किती फॉर्म हवेत ते आधीच ठरवा. 'बायका इतक्या, गावठाण इतकं' असे सुटे आकडे देऊ नका. तसं केलं तर सगळ्या बायका सोसायटीतल्या आणि गावठाणातले सगळे पुरुष, असं होऊनही कोटा पुरा दिसतो. आमचं झालं होतं.

कोटा म्हणजे खात्री नव्हे. १९४८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी गॅलप या नावाजलेल्या संस्थेसकट सगळ्या मोठ्या पाहण्यांनी ड्यूईंना विजयी ठरवलं आणि निवडून आले ट्रुमन. कोटे भरले होते, पण कोट्यात कोणाला घ्यायचं ते पाहणी करणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेलं होतं. शिवाय शेवटच्या दिवसांत विचारणं थांबवलं होतं. म्हणून आपल्या माणसांची मर्जी जितकी कमी चालेल तितकं बरं. 'गावठाणातल्या दहा बायका' असं सांगू नका. 'मारुतीच्या देवळापासून डाव्या हाताने दर पाचवं घर, सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी सात ते नऊ' असं लिहून द्या. नाहीतर माणूस ओसरीवर बसलेल्याला आणि चहा विचारणाऱ्यालाच गाठतो.

५. फॉर्म: इथे घाई करू नका

पुढे हिशेबाने जो कल काढायचा आहे, तो काढता येईल की नाही हे फॉर्म छापतानाच ठरतं. जे विचारलंच नाही त्यावर भार लावता, म्हणजे कमी आलेल्या गटाची उत्तरं जास्त मोजता, येत नाही. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २०१८ साली आपखुशीने भरल्या जाणाऱ्या ऑनलाइन पाहण्यांवर वेगवेगळ्या पद्धती लावून पाहिल्या. त्यांना आढळलं की गणिताची पद्धत कोणती यापेक्षा कुठल्या माहितीवर भार लावला हे जास्त महत्त्वाचं. आणि सगळ्यात चांगल्या पद्धतीनेही बहुतेक कल तसाच राहिला. हे दुसरं वाक्य भिंतीवर चिकटवा.

कोणती माहिती विचारायची? जिचे गावाचे खरे आकडे बाहेर मिळतात, आणि जिचा फॉर्म भरण्याशी व उत्तराशी, दोन्हींशी संबंध आहे ती. वय-लिंग सगळे विचारतात. पाण्याच्या बाबतीत खरा फरक 'पंप आणि टाकी आहे का' याने पडतो. पण गावात टाकीवाली घरं किती, याचा आकडा आम्हाला कुठेच मिळाला नाही. मग जवळचं म्हणून खोल्यांची संख्या घेतली. ती जनगणनेत आहे.

इथे पाय घसरला. जनगणनेत स्वयंपाकघर, न्हाणीघर, व्हरांडा यांना राहती खोली धरत नाहीत. आपल्याकडे वन रूम किचनवाला सरळ 'दोन खोल्या' सांगतो. पहिल्या वीस फॉर्मनंतर कळलं, तेव्हा प्रश्न बदलला: 'स्वयंपाकघर, न्हाणीघर, व्हरांडा सोडून राहायच्या खोल्या किती?' ज्या आकड्याशी ताडायचं आहे त्याचीच व्याख्या, शब्दाला शब्द, फॉर्ममध्ये हवी.

मुख्य प्रश्नही सैल ठेवू नका. 'पाणी नियमित येतं का?' याला लोक मनःस्थितीप्रमाणे उत्तर देतात. 'काल नळ किती वाजता आला, किती वाजता गेला?' याला घड्याळाप्रमाणे देतात. आणि हे चार प्रश्न टाकाच:

- घरात पाणी कोण भरतं? उत्तर देणारी व्यक्ती तीच आहे का?
- हा फॉर्म तुमच्याकडे कसा आला?
- या घरातून आधी कोणी फॉर्म भरला आहे का?
- घर स्वतःचं की भाड्याचं?

पहिल्या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर आलं की आमची मुलं म्हणायची, "काका, जरा काकूंना बोलवता का?" निम्म्या वेळा आतून आवाज यायचा, "काय विचारायचंय ते तिथूनच विचारा." चालतं.

६. साफसफाई

दुहेरी घरं काढा. एका रात्रीत दहा मिनिटांत आलेले, अक्षरशः सारखे तीस फॉर्म दिसले तर ते कोण्या उत्साही कार्यकर्त्याने बसून भरलेत असं समजा. एका खात्यातून एकच उत्तर घेण्याची गूगल फॉर्मची सोय चालू केली तर लॉगिन करावं लागतं, आणि ज्यांना ते जमत नाही ते गळतात. आम्ही ती बंदच ठेवली. काढलेला प्रत्येक फॉर्म वेगळ्या पानावर ठेवा, शेजारी कारण लिहा. आणि निकाल आवडला नाही म्हणून फॉर्म काढायचा नाही.

७. भार लावणं

भार म्हणजे कमी आलेल्या गटाच्या एका उत्तराला एकापेक्षा जास्त मोजणं आणि जास्त आलेल्याला कमी मोजणं. समजावण्यापुरते गोल आकडे घेऊ.

समजा ५०० घरांचे फॉर्म आले. ४०० घरं तीन किंवा जास्त खोल्यांची, १०० घरं एक-दोन खोल्यांची. मोठ्या घरांपैकी ९० टक्के म्हणाली पाणी पुरतं, लहान घरांपैकी ४० टक्के. सरसकट मोजलं तर ३६० अधिक ४०, म्हणजे ४०० घरं, ८० टक्के समाधानी. बातमी तयार.

पण गावात खरं प्रमाण मोठी घरं ४० टक्के, लहान ६० टक्के असेल तर?

- मोठ्या घराचा भार: ४० भागिले ८०, म्हणजे ०.५
- लहान घराचा भार: ६० भागिले २०, म्हणजे ३
- नवा निकाल: ०.४ × ९० अधिक ०.६ × ४०, म्हणजे ३६ अधिक २४, म्हणजे ६० टक्के

एका झटक्यात २० गुणांचा फरक. याची किंमतही मोजावी लागते. सगळ्या भारांची बेरीज करून तिचा वर्ग करा आणि त्याला भारांच्या वर्गांच्या बेरजेने भागा. इथे बेरीज ५००, वर्गांची बेरीज १,०००, उत्तर २५०. म्हणजे ५०० फॉर्म हिशेबाला २५० इतकेच उपयोगाचे राहिले. हा आकडा निम्म्याच्याही खाली गेला तर गणित थांबवा आणि परत गल्लीत जा.

दोन-तीन गोष्टींवर एकदम भार लावायचा असेल तर आधी प्रभागगटाप्रमाणे जुळवा, मग खोल्यांप्रमाणे. तोवर प्रभागाचं थोडं बिघडतं, मग परत प्रभाग, परत खोल्या, असं आकडे हलायचे थांबेपर्यंत. याला रेकिंग म्हणतात. डेमिंग आणि स्टीफन यांनी १९४० साली अमेरिकेच्या जनगणनेच्या निमित्ताने मांडलेली युक्ती. शीटमध्ये हाताने होते, पाच-सहा फेऱ्यांत बसते. आर ही आकडेमोडीची संगणकभाषा येत असेल तर तिच्या 'सर्व्हे' पॅकेजमध्ये तयार आहे.

सापळा: एखाद्या कप्प्यात, म्हणजे एका प्रभागगटातल्या एका खोल्यांच्या गटात, तीनच घरं आणि त्यांचा भार पंधरा. मग त्या तीन घरांच्या मनात काय आलं यावर गावाचा निकाल हलतो. आम्ही पाचाच्या वर भार जाऊ दिला नाही; जायला लागला की कप्पे एकत्र केले. पाच हा काही शास्त्राचा आकडा नाही. आधी ठरवून लिहिला होता, एवढंच त्याचं पावित्र्य.

मोठा सापळा वेगळाच आहे. भार लावताना आपण धरून चालतो की फॉर्म भरणारी लहान घरं आणि न भरणारी लहान घरं सारखीच. ती १०० घरं व्हॉट्सॲपवालीच असतील, आणि बाकीच्यांत पाणी पुरणारे ४० नव्हे २५ टक्केच असतील, तर निकाल ३६ अधिक १५, म्हणजे ५१ च्या आसपास जाईल. हे भाराने कळत नाही. म्हणून असे 'समजा'चे दोन-तीन हिशेब करून ठेवा.

वाकडा नमुना सरळ करता येतच नाही असं नाही. २०१२ च्या अमेरिकी निवडणुकीआधी काही संशोधकांनी एक्सबॉक्स या यंत्रावर व्हिडिओ गेम खेळणाऱ्या ३,४५,८५८ लोकांकडून मतं घेतली. त्यातले ९३ टक्के पुरुष. तरी अंदाज निकालाच्या जवळ आले. पण त्यांनी प्रत्येकाला वय, शिक्षण, वंश, राज्य, पक्ष, गेल्या वेळचं मत, सगळं विचारलेलं होतं, आणि मागच्या निवडणुकीत मतदान करून बाहेर पडणाऱ्यांच्या पाहणीचे आकडे हाताशी होते. आपल्याकडे त्यातलं एखाद-दुसरंच असतं.

८. ताडून पाहा

भार लावताना वापरली नाही अशी एखादी गोष्ट घ्या जिचं खरं उत्तर माहीत आहे. आम्ही नळजोडणीचं प्रमाण घेतलं. भार लावल्यावरही ते नगरपरिषदेच्या आकड्यापासून लांब असेल तर मुख्य प्रश्नाचं उत्तरही तितकंच लांब असू शकतं. मग व्हॉट्सॲपवरची लहान घरं आणि कागदावरची लहान घरं शेजारी-शेजारी ठेवा. दोघांची उत्तरं फार वेगळी असतील तर खोल्यांनी सगळं पकडलेलं नाही. शेवटी चिठ्ठीने काढलेली ती १२० घरं. फॉर्मचा निकाल आणि त्यांचा निकाल भांडायला लागले तर मी त्या १२० च्या बाजूने उभी राहते.

९. अहवालात काय लिहायचं

'चूक अधिक-उणे ३ टक्के' असं लिहू नका. ते सूत्र चिठ्ठीने काढलेल्या नमुन्यासाठी आहे, आणि त्यात कल शून्य धरलेला असतो. कोणी आग्रह धरला तर भाराशिवायचा आकडा, भारासहितचा आकडा आणि 'समजा'चे हिशेब, तिन्ही द्या. पाणीपुरवठ्याचे साहेब आम्हाला म्हणाले, "एकच आकडा सांगा ना." आम्ही तीन सांगितले. तिन्ही आकडे ते दाखवत होते त्यापेक्षा खालीच होते, त्यामुळे बैठक व्हायची तशी झाली.

मजकूर साधारण असा ठेवा: 'ही पाहणी यादृच्छिक नमुन्यावर आधारलेली नाही. फॉर्म व्हॉट्सॲप, रेशन दुकान, अंगणवाडी आणि घरोघरी अशा चार मार्गांनी भरून घेतले. प्रभागगट आणि खोल्यांची संख्या यांवर २०११ च्या जनगणनेप्रमाणे भार लावला आहे. स्थलांतरित कुटुंबं आणि दिवसभर बंद असलेली घरं यात कमी आली आहेत, त्यामुळे टंचाई प्रत्यक्षात जास्त असू शकते.'

मूळ उत्तरं, साफ केलेली उत्तरं आणि भार लावलेली उत्तरं अशा तीन वेगळ्या फाइली ठेवा. लोकांची नावं आणि फोन नंबर तिन्हींतून काढून टाका. आमच्याकडे आता चौथीही आहे: कुठल्या गल्लीत नळ किती वाजता येतो त्याची. पुढच्या वेळी कोणत्या घरी किती वाजता जायचं ते तिच्यावरून ठरतं. नळ आलेला असताना दार वाजवलं तर कोणी उघडत नाही.